थांबलेल्या पाऱ्याची गोष्ट

दिवसातून सोळा वेळा भारनियमन होणाऱ्या घराची कल्पना करून पाहा. तासभर लख्ख ऊन, मग पस्तीसएक मिनिटे मिट्ट काळोख, पुन्हा तासभर ऊन, पुन्हा काळोख. विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे दळण आणि इस्त्री उरकण्याची सवय असलेल्या आमच्या पिढीलाही हे जमले नसते. पण पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाचा हा रोजचा दिनक्रम आहे. दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा पुरी होते आणि बहुतेक प्रत्येक प्रदक्षिणेत काही काळ ते पृथ्वीच्या सावलीत शिरते. सावलीत सूर्य नाही म्हणून यंत्रे बंद ठेवावीत, तर आत माणसे आहेत आणि त्यांच्या श्वासाची हवा तीच यंत्रे शुद्ध करत असतात. तेव्हा उजेडात मिळवायचे आणि अंधारासाठी राखून ठेवायचे, एवढाच मार्ग उरतो.

राखून ठेवायचे ते बॅटरीत, हे उत्तर आपल्याला लगेच सुचते आणि आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तेच करते. पण १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेच्या नासा या संस्थेतील अभियंते आणखी एका वाटेने जाऊन पाहत होते. वीज साठवण्याऐवजी उष्णताच साठवायची, ही ती वाट. मोठ्या अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एका पिंपासारख्या पोकळीत एकवटायचे, त्या उष्णतेने वायू तापवायचा आणि त्या वायूने टर्बाइन फिरवून वीज काढायची. मग सावलीतल्या पस्तीस मिनिटांचे काय? त्यासाठी त्या पोकळीच्या आत धातूच्या बंद डब्यांत एक क्षार भरून ठेवायचा. लिथियम फ्लुओराइड आणि कॅल्शियम फ्लुओराइड यांचे हे मिश्रण सुमारे ७६७ अंश सेल्सिअसला वितळते. उन्हात ते उष्णता घेत वितळते आणि सावलीत ती उष्णता परत देत गोठते. यातली खरी गंमत अशी, की वितळताना काय आणि गोठताना काय, त्याचे तापमान त्या ७६७ अंशांच्या आसपासच घुटमळते. बाहेर सूर्य मावळला तरी टर्बाइनकडे जाणाऱ्या वायूला त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला शाळेतली एक शरमेची गोष्ट आठवली. आठवी-नववीत असताना आम्हाला बर्फाचा प्रयोग होता. गाडीवाल्याकडून भुशात गुंडाळलेली लादी आणलेली, तिचे तुकडे चंचुपात्रात घातलेले, खाली स्पिरिटचा दिवा आणि हातात तापमापी. दर मिनिटाला तापमान वहीत टिपायचे. पारा शून्यावर आला आणि तिथेच बसला. एक मिनिट गेले, दोन गेली, पाच गेली. दिवा जळतो आहे, बर्फ ढवळतो आहे, पण पारा हलत नाही. शेजारच्या मुलांची वही बघावी तर तेही गोंधळलेले. माझी खात्री झाली, की माझी तापमापी बिघडली आहे. मग मी सरळ वहीत शून्य, दोन, चार, सहा असे चढते आकडे भरून टाकले. दिवा खाली आहे म्हणजे तापमान वाढणारच, हा माझा हिशेब.

सरांनी वही पाहिली. ते रागावले नाहीत. चंचुपात्रात त्यांनी नवा बर्फ घातला, तापमापी माझ्या हातात दिली आणि शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत मला तिथे उभे केले. वर्ग सुटला तरी मी उभाच होतो. शेवटचा तुकडा गेला आणि मगच पारा चढू लागला. सरांनी फळ्यावर एक नाव लिहिले. जोसेफ ब्लॅक. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हणाले, पण अभ्यासक्रम पुढे सरकला आणि ते राहून गेले. ब्लॅकची गोष्ट मला पुढे स्वतःच शोधावी लागली. आज ती सांगतो.

जोसेफ ब्लॅकचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात झाला. वडील मूळचे बेलफास्टचे, घराणे स्कॉटिश, धंदा द्राक्षाच्या मद्याचा. बोर्दोचे मद्य आणि त्याचा व्यापार हाच त्या गावचा श्वास. वडिलांची विद्वानांत ऊठबस होती. प्रख्यात विचारवंत माँतेस्क्यू त्यांच्या स्नेह्यांपैकी एक. भावंडे पुष्कळ. घरात आईनेच मुलांना इंग्रजी वाचायला शिकवले. बारा वर्षांच्या जोसेफला शिक्षणासाठी बेलफास्टला पाठवण्यात आले आणि तिथून तो स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात गेला.

एखादा पोटापाण्याचा व्यवसाय निवड, असा वडिलांचा आग्रह होता. मुलाने वैद्यक निवडले. त्या काळी वैद्यक शिकणाऱ्याला रसायनशास्त्र ऐकावे लागे आणि ग्लासगोत ते विल्यम कलन शिकवत होते. कलन हे मुलांना नुसते बाकावर बसवून ठेवणारे गुरू नव्हते. त्यांनी ब्लॅकला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. माणसाला आयुष्यात एक असा गुरू भेटला तरी पुरते.

पुढे वैद्यकाची पदवी घेण्यासाठी ब्लॅक एडिंबरोला गेला. मूतखड्यावर तेव्हा चुन्याच्या निवळीसारखी दाहक औषधे देत. त्यापेक्षा सौम्य काही मिळेल का, या शोधात त्याने मॅग्नेशियाचा अभ्यास सुरू केला. औषध बाजूला राहिले आणि हाती वेगळेच घबाड लागले. चुनखडी किंवा मॅग्नेशिया भाजले की त्यांचे वजन घटते, हे त्याने काटेकोरपणे तोलून पाहिले. मग गेले ते काय? गेली ती एक हवा, आणि ती आपल्या नेहमीच्या हवेहून निराळी. तिलाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. चुन्याच्या निवळीत ती सोडली की निवळी दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासात, जळत्या कोळशात आणि आंबणाऱ्या द्रवात हीच हवा असते, हे त्याने दाखवून दिले. १७५४ चा हा प्रबंध, १७५६ मध्ये विस्ताराने छापला गेला. ब्लॅक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. हवा म्हणजे एकच एक पदार्थ, या हजारो वर्षांच्या समजुतीला तडा गेला, आणि तोही एका तराजूमुळे.

त्याच वर्षी कलन एडिंबरोला गेले आणि त्यांच्या ग्लासगोतल्या जागी ब्लॅक आला. शिकवणे, रोगी तपासणे आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्याचा दिवस जाई. प्रकृती तोळामासा. तरुणपणापासून अधूनमधून खोकल्यातून रक्त पडे. स्वतः वैद्य असल्यामुळे आपल्याला किती झेपेल हे त्याला ठाऊक होते. मोजके खाणे, मोजके चालणे, मोजके बोलणे. लग्न त्याने केले नाही.

या ग्लासगोच्या वर्षांत त्याला एका साध्या प्रश्नाने घेरले. त्या काळच्या विद्वानांचे मत असे होते, की बर्फ एकदा वितळण्याच्या अंशापर्यंत तापला, की आणखी चिमूटभर उष्णता मिळताच त्याचे पाणी होते. ब्लॅकने खिडकीबाहेर पाहिले. स्कॉटलंडच्या डोंगरांवर हिवाळ्यात बर्फ साठतो आणि ऊन पडू लागल्यावर कित्येक आठवडे हळूहळू वितळत राहतो. विद्वानांचे म्हणणे खरे असते, तर वसंतातल्या पहिल्याच उबदार दिवशी सगळ्या डोंगरांचे एकदम पाणी होऊन गावेच्या गावे वाहून गेली असती. तसे होत नाही, ते का? हा बर्फ दरवर्षी सगळेच बघत होते. प्रश्न मात्र त्याला पडला.

त्याला आणखी एक गोष्ट खटकत होती. तापमापीशी ज्याचे नाव जोडले आहे त्या फॅरनहाइटने पाहिले होते, की अगदी स्थिर ठेवलेले पाणी कधीकधी गोठणबिंदूच्याही खाली जाते, पण गोठत नाही. भांड्याला धक्का लागला की त्यातले काही पाणी क्षणात गोठते आणि पारा खाली जाण्याऐवजी उडी मारून गोठणबिंदूपर्यंत वर येतो. गोठताना पाणी तापले! ही उष्णता आली कुठून?

१७६१ मध्ये ब्लॅकने ज्या प्रयोगाने याचा निकाल लावला, तो आपल्या कोणाच्याही स्वयंपाकघरात करता येईल. त्याने काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले. दोन्हींत सारख्याच वजनाचे पाणी भरले. एकातल्या पाण्याचा बर्फ केला आणि दुसऱ्यातले पाणी गोठणबिंदूच्या किंचित वर, ३३ अंश फॅरनहाइटवर आणून ठेवले. मग आपल्या खोलीशेजारच्या मोठ्या रिकाम्या दालनात दोन्ही चंबू हातभर अंतरावर टांगले. दालनाचे तापमान होते ४७ अंश, म्हणजे आपल्या मापाने आठएक अंश सेल्सिअस. दोन्ही चंबूंना भोवतीच्या हवेतून सारखीच उष्णता मिळणार होती. आता फक्त बघत बसायचे.

पाण्याचा चंबू अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत चढला. बर्फाच्या चंबूतल्या बर्फाचे पाणी होऊन त्याच ४० अंशांपर्यंत यायला साडेदहा तास लागले. अर्ध्या तासांचे हिशेब मांडले तर एकवीस. पाण्याने एका अर्ध्या तासात सात अंश घेतले होते, म्हणजे बर्फाने एकवीस अर्ध्या तासांत सात गुणिले एकवीस, एकशेसत्तेचाळीस अंशांइतकी उष्णता घेतली असली पाहिजे. पण तापमापी तर ३२ वरून ४० वर, म्हणजे फक्त आठच अंश चढलेली दिसते. मग उरलेले एकशेएकोणचाळीस अंश कुठे गेले?

ते बर्फाने गिळले होते. ते पाण्यात होते, पण तापमापीला दिसत नव्हते. ब्लॅकने या उष्णतेला जे नाव दिले, त्यालाच आपली शालेय पुस्तके अप्रकट उष्मा म्हणतात. पाणी गोठू लागले की हीच लपलेली उष्णता बाहेर येते, म्हणून फॅरनहाइटचा पारा उडी मारतो. आजची अचूक उपकरणे ब्लॅकच्या १३९ ऐवजी १४४ हा आकडा देतात. दालनातल्या हवेच्या भरवशावर केलेल्या प्रयोगात एवढीच चूक! एप्रिल १७६२ मध्ये त्याने हे सगळे ग्लासगोतल्या विद्वानांच्या मंडळात वाचून दाखवले.

ब्लॅकचे मोठेपण केवळ एका आकड्यात नाही. उष्णता किती आहे आणि ती किती तीव्र आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने जगाला शिकवले. लाल तापलेल्या सुईचे तापमान बंबातल्या कढत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, पण सुईवर कोणाची आंघोळ होत नाही. तापमापी तीव्रता सांगते, साठा सांगत नाही. आपल्या पासबुकात आज काय खर्च झाले हे दिसते, पण आजीच्या डब्यात किती आहे ते दिसत नाही, तसेच काहीसे. पारा थांबला म्हणजे काही घडत नाही असे नव्हे. सर्वांत मोठी साठवण नेमकी तेव्हाच चाललेली असते.

बर्फ वितळताना जे होते तेच पाणी उकळताना होते, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ब्लॅकने तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पाण्याची भांडी ठेवून वेळ मोजली. गार पाणी उकळीला यायला चार मिनिटे लागली, आणि सगळे पाणी वाफ होऊन जायला आणखी वीस मिनिटे. पाचपट वेळ, आणि तेवढा वेळ पारा उकळबिंदूवर ठाण मांडून बसलेला. तेव्हा वाफेच्या पोटात उष्णतेचा प्रचंड साठा दडलेला असतो. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट का, हे घराघरांतल्या गृहिणींना अनुभवाने माहीत असते. ब्लॅकने त्याचे कारण शोधले.

याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात एक तरुण कारागीर उपकरणे दुरुस्त करत बसलेला असे. त्याचे नाव जेम्स वॅट. १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. ते इंजिन वाफ इतकी का खाते, हे त्याला कळेना. चिमूटभर वाफ थंड पाण्यात सोडली तर ती आपल्या सहापट वजनाचे पाणी उकळीला आणते, हे पाहून तो चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला अप्रकट उष्मा समजावून सांगितला. १७६५ मध्ये वॅटला वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती सुचली आणि पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ती युक्ती आपल्याला थेट या सिद्धांतावरून सुचली नाही, असे वॅट पुढे स्वतःच सांगत असे. पण नीट विचार कसा करावा आणि प्रयोग कसा करावा, हे मात्र तो ब्लॅककडून शिकला. ब्लॅकने त्याला त्या हलाखीच्या दिवसांत बरेच पैसेही उसने दिले होते.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी वाफेच्या इंजिनांच्या जोरावर बोरीबंदरहून ठाण्याला निघाली तो दिवस होता १६ एप्रिल १८५३. ब्लॅकच्या जन्माला त्या दिवशी बरोबर सव्वाशे वर्षे पुरी झाली होती. आणि त्याच्याही आधी, १८३३ मध्ये, बॉस्टनहून निघालेले एक जहाज चार महिन्यांचा प्रवास करून बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचले. १८० टन बर्फातला सुमारे १०० टन शाबूत होता. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही बर्फ टिकला, तो भुशाच्या आवरणामुळे आणि या अप्रकट उष्म्याच्या कृपेने. वितळायला एवढी उष्णता लागतेच, म्हणून तो टिकला. पुढे मुंबईच्या कोटातही अशा बर्फासाठी खास बर्फघर उभे राहिले.

एवढा मोठा शोध लावणाऱ्या माणसाने तो छापला कधी, असे कोणीही विचारील. उत्तर असे, की त्याने तो छापलाच नाही. वर्गात दरवर्षी शिकवत राहिला, एवढेच. १७६६ मध्ये तो एडिंबरोला प्राध्यापक होऊन गेला आणि तीसएक वर्षे तिथे शिकवत होता. त्याच्या व्याख्यानांच्या हस्तलिखित वह्या हातोहात फिरत. १७७२ मध्ये स्वीडनच्या विल्के या शास्त्रज्ञाने बर्फाचा अप्रकट उष्मा स्वतंत्रपणे शोधून जाहीर केला. फ्रान्समध्ये लॅव्हाझिए आणि लाप्लास यांनी वितळलेल्या बर्फावरून उष्णता मोजण्याचे यंत्र बनवले. हक्काची भांडणे करायला ब्लॅकला भरपूर वाव होता. मित्रांनी टोचणी लावली, तरी त्याचे ग्रंथलेखन पुढे सरकले नाही. प्रकृती हे एक कारण. दुसरे कारण स्वभाव. सांगतो आहे ते पुरते तपासलेले नसेल, तर ते छापण्यापेक्षा न छापलेले बरे, अशी त्याची वृत्ती. मला मात्र राहून राहून वाटते, की यात तोटाही झाला. जे वेळेवर लिहिले जात नाही, ते पुढच्याला पुन्हा शोधत बसावे लागते.

वर्गात मात्र तो राजा होता. आवाज हळू, पण शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द पोहोचे. एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव ओतताना थेंब सांडत नसे. रसायनशास्त्राशी काही संबंध नसलेले लोकही पैसे भरून येऊन बसत. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा डॉक्टर बेंजामिन रश त्याच्या वर्गात बसून गेला. नायट्रोजन वायू शोधणारा डॅनियल रुदरफोर्ड हा त्याचाच शिष्य. फी रोख आणि थेट प्राध्यापकाच्या हातात देण्याची तेव्हा पद्धत होती. ब्लॅक मेजावर छोटा तराजू ठेवून विद्यार्थ्यांची सोन्याची नाणी तोलून घेई, कारण कडा कातरलेली हलकी नाणी खपवणारे महाभाग तेव्हाही होते. काहींनी त्याला यावरून चिक्कू ठरवले. वॅटला उसने पैसे देणाऱ्या माणसाला चिक्कू म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्याला तोलायची सवय होती, इतकेच.

एक गोष्ट अशी सांगतात, की त्याने एकदा मित्रांना जेवायला बोलावले आणि ज्वालाग्राही हवेने, म्हणजे हायड्रोजनने, भरलेली एक पातळ पिशवी सोडून दिली. पिशवी सरळ छताला जाऊन टेकली. मंडळींना वाटले, वरून दोरा बांधला असणार. फ्रान्समध्ये माणसांनी फुग्यातून उड्डाण केले ते यानंतर बऱ्याच वर्षांनी, १७८३ मध्ये.

एडिंबरोत त्याचे दोन जिवलग मित्र होते. अर्थशास्त्राचा पाया घालणारा अॅडम स्मिथ आणि भूशास्त्राचा जनक जेम्स हटन. तिघांनी मिळून दर आठवड्याला जमणारे एक मित्रमंडळ चालवले. ब्लॅक टापटिपीचा आणि शांत, तर हटन उत्साही आणि विस्कटलेला. एकदा ब्लॅक आणि हटन यांच्यात चर्चा झाली, की लोक समुद्रातले शिंपले खातात, मग जमिनीवरच्या गोगलगायींनी काय घोडे मारले आहे? झाले, गोगलगायी शिजवून आणवल्या. दोघांनीही तोंडात घास घेतला. गिळवत तर नाही, पण आधी माघार कोणी घ्यायची? शेवटी ब्लॅकने अगदी सभ्यपणे, चव जराशी वेगळीच वाटते, असे पुटपुटले आणि हटनने लगेच ताटे उचलायला सांगून दोघांची सुटका केली.

हसण्याचे दिवस कायम राहत नाहीत. १७९० च्या जुलैत अॅडम स्मिथ अंथरुणाला खिळला. आपली अपुरी हस्तलिखिते मागे राहू नयेत असा त्याचा हट्ट होता. त्याने ब्लॅक आणि हटन यांना बोलावून सोळा जाडजूड वह्या त्यांच्या हातून जाळून टाकवल्या. आठवड्याभरात तो गेला. साठवून ठेवण्याचे गुपित ज्याने शोधले, त्याच्या हातून मित्राची आयुष्यभराची साठवण राख व्हावी, याचे मला फार वाईट वाटते. पण दिलेला शब्द ब्लॅकने पाळला. जे थोडे लेख जाळायचे नव्हते, ते त्याने आणि हटनने १७९५ मध्ये प्रसिद्ध केले.

१७९७ मध्ये हटनही गेला. ब्लॅक आता एकटाच उरला होता. ६ डिसेंबर १७९९ रोजी तो नेहमीप्रमाणे जेवायला बसला. थोडी भाकरी, थोडी सुकी फळे आणि मोजून पाणी घातलेले दूध. दुधाचा पेला त्याने गुडघ्यावर टेकवला, हाताने धरला, आणि तसाच शांत झाला. नोकराने पाहिले, तेव्हा त्याला वाटले डोळा लागला असेल. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, तेव्हा खरे काय ते कळले. पेल्यातले दूध सांडले नव्हते. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. त्याची व्याख्याने १८०३ मध्ये जॉन रॉबिसन या मित्राने टिपणे जुळवून छापली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

आता पुन्हा आकाशाकडे वळू. ब्लॅकच्या दालनातला चंबू आणि अंतराळातला क्षाराचा डबा यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. किलोला किलो धरले, तर हा क्षार बर्फाच्या दुपटीहून अधिक उष्णता पोटात घेतो, आणि तीही लोखंड लाल होते त्या तापमानाला. पण एक अडचण ब्लॅकच्या स्वप्नातही आली नसेल. हा क्षार गोठताना सुमारे एक पंचमांशाने आक्रसतो आणि डब्यात पोकळी राहते. जमिनीवर ही पोकळी निमूटपणे वर जाऊन बसते. अंतराळात वजनच नाही, तर वर कुठले आणि खाली कुठले? पोकळी नेमकी तापलेल्या भिंतीला जाऊन चिकटली, तर तिथे उष्णता शोषायला क्षार उरत नाही आणि डब्याची भिंत जळण्याचा धोका येतो. हे पाहण्यासाठी मार्च १९९४ मध्ये कोलंबिया यानातून आणि जानेवारी १९९६ मध्ये एंडेव्हर यानातून अशा क्षारांचे डबे वर पाठवून वितळवण्यात आणि गोठवण्यात आले. जमिनीवर क्लीव्हलंडच्या निर्वात टाकीत दोन किलोवॉटचे पूर्ण यंत्र चालवूनही पाहिले. रशियाच्या मीर स्थानकावर ते बसवण्याचा बेत मात्र रद्द झाला, आणि अंतराळ स्थानकाने सौरपट्ट्या आणि बॅटऱ्यांचीच वाट धरली.

म्हणजे हे सगळे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. १९७१ मध्ये चंद्रावर जी पहिली मोटार फिरली, तिची विद्युत उपकरणे तापू नयेत म्हणून त्यांच्याजवळ मेणाचे डबे होते. उपकरणांची उष्णता घेऊन मेण वितळे, पण तापमान आटोक्यात राही. ब्लॅकचे तत्त्व चंद्रावर जाऊन आले आहे. क्षाराच्या डब्यांवर वर्षानुवर्षे केलेले मोजमापही कागदांवर शाबूत आहे. कधीतरी कोणी अंधारासाठी ऊन साठवायला निघेल, तेव्हा त्याला ते पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.

पुढे मीही बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. बर्फाच्या प्रयोगाच्या दिवशी दरवर्षी कोणीतरी मुलगा किंवा मुलगी शून्यावर अडकलेली तापमापी हलवून पाही, माझ्याकडे पाही आणि मग वहीकडे पाही. त्या नजरेचा अर्थ मला चांगलाच ठाऊक होता. मी रागावत नसे. चंचुपात्रात बर्फाचे आणखी दोन तुकडे टाकत असे आणि शेजारी स्टूल ओढून, पारा हलेपर्यंत त्यांच्याबरोबर बसून राहत असे.